ब्रेकच्या आधीचा रस्ता

गाडी थांबायला किती अंतर लागतं, हे अकरावीच्या पोरांना शिकवून माझा घसा बसलाय. वेग, घर्षण, अंतर. गणिताखाली दरवर्षी एकच ओळ सांगते: ब्रेक दाबेपर्यंत चालकाला लागणारा वेळ धरू नका. तेवढीच पोरांची सुटका, आणि माझीही.

घरी मात्र सुटका नाही. माझे बाबा आनंदराव पंचाहत्तरी ओलांडलेले. माझ्या पिंकीला शाळेत तेच सोडतात. तिचे वडील पारशिवनीला नोकरीवर, माझी सकाळची बॅच. दुसरं कोण सोडणार? परवा बाबांनी भाजीची हातगाडी उडवली. भाजीवाला वाचला. पिंकी गाडीत होती.

"ब्रेक लागूनच नाही राहिला," बाबा म्हणाले. गाडी पुन्हा दुर्गेशच्या गॅरेजात.

"मॅडम, ब्रेक एकदम मस्त हाय. किती डाव खोलू?" दुर्गेश वैतागला. मी तर कधीचीच वैतागले होते.

रविवारी बाबांना हुडकेश्वरच्या एका ओसाड, नुसते प्लॉट पाडलेल्या लेआउटवर नेलं. रस्त्याच्या कडेला, त्यांना न सांगता, चुन्याची खूण केली. गाडी खुणेवर आली की मी ओढणी हलवणार, त्यांनी करकचून ब्रेक मारायचा.

ओढणी हलवली. गाडी पुढे गेली, जातच राहिली, मग चाकं किंचाळली.

मी चालत गेले. चाकांचा काळा पट्टा अगदी छोटा होता. ब्रेकमध्ये खरंच काही खोट नव्हती. पण चुन्याची खूण आणि पट्टा यांच्यामध्ये कोरा रस्ता होता, पट्ट्याहून कितीतरी लांब.

बाबा उतरले. "पाह्य, म्हटलं होतं ना ब्रेक..." म्हणता म्हणता त्यांना चुना दिसला. ते चुन्यापासून पट्ट्यापर्यंत चालले, आणि वळून पुन्हा चुन्यापाशी आले.

"तू इथं ओढणी हलवली?"

"हो, बाबा."

"मंग इथून तिथवर मी काय करून राहिलो होतो वं?"

उत्तर मला येत होतं. इतकी वर्षं मी तेच धरू नका म्हणत आले. मला फार वाईट वाटलं, आणि आता सकाळची बॅच सोडावी लागणार म्हणून त्याच क्षणी चीडही आली.

बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागचं दार उघडलं.

"पिंकीले आता तूच सोडत जाय. मी मांग बसतो, तिच्यापाशी."