डाव्या हाताची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हे वाक्य ओळखीचं वाटत असेल, तर तुम्ही आमच्या शाळेतल्या नववी ‘ब’चे असणार. इतिहासाच्या पुनम मॅडमनी ‘शाळेतल्या ऐतिहासिक खुर्चीचे आत्मवृत्त’ लिहायला दिलं, तेव्हा वर्गातल्या एकूण एक वहीत पहिलं वाक्य हेच होतं. दुसरंही तेच होतं, ‘माझ्यावर थोर पुढारी बसले होते.’ अरे बाबांनो, माझं आयुष्य लिहायला बसलात, पण मला कुणी काही विचारलंत का? म्हणून म्हटलं, आता आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म शाळा निघाली त्याच वर्षीचा. नरडाणा स्टेशनापासून जवळच्या ह्या गावात तेव्हा हायस्कूल म्हणजे कापसाचं एक रिकामं गोदाम होतं. गोदाम रुपचंद आबांचं. आबांनी जागा दिली आणि वर आपली थोरली मुलगी पुष्पा हिचं नाव आठवीत घातलं. झालं, गावानं तोंडात बोटं घातली. वर्गात सगळी मुलं, बाकं तीनच, आणि एकटी मुलगी बसवायची कुठे? गुरुजींनी हात वर केले. आबा म्हणाले, “बाकावर जागा नसेल तर तिला खुर्ची करतो. पण ती शिकेल.”

हाशम मिस्त्रींना बोलावणं गेलं. मिस्त्री माप घ्यायला आले तेव्हा पुष्पा ओसरीवर पाटीवर काहीतरी लिहीत होती, डाव्या हातानं. डावखुरी म्हणून तिनं घरीदारी बोलणी खाल्ली होती. मिस्त्री जरा वेळ तिचा हात बघत उभे राहिले. मग त्यांनी माझा डावा हात चांगला रुंद केला, वही ठेवून लिहिता येईल असा. उजवा मात्र साधा. माझ्यावर पहिला उपकार त्यांचा आणि पुष्पावरही त्यांचाच.

माझं लाकूड गोदामाच्या जुन्या दाराचं, अस्सल साग. पण बैठकीखाली आधाराला फळी लागते, तिच्यापुरतं लाकूड संपलं. मिस्त्रींनी सरकारी बियाण्याच्या खोक्याची एक फळी घेतली आणि रंधा न मारताच ठोकली. तिच्यावर काळ्या शाईत ‘भारत सरकार’ असं छापलेलं होतं. अक्षरं खालच्या बाजूला गेली, कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. जोड चुकू नये म्हणून त्यांनी पटाशीनं एक चंद्रकोर कोरली, अर्धी फळीवर आणि अर्धी चौकटीवर. ती त्यांची नेहमीची खूण होती.

पुष्पा माझ्यावर बसून दीड वर्ष शिकली. इतिहासाच्या तासाला ती फार खूश असायची. कंपासच्या टोकानं तिनं माझ्या रुंद हातावर ‘पु’ कोरलं आणि गुरुजी येताच वर वही ठेवली. नववीच्या मध्यावर तिचं लग्न चाळीसगावला ठरलं. एका सोमवारी ती आलीच नाही. मला वाटलं ताप असेल. आठवड्यानं कळलं की आता ती येणार नाही. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आबांनी मुलीला शाळेत घालायचं धाडस केलं, पण ते तिथंच संपलं.

पुढे मी चित्रकलेच्या सरांकडे गेले. ते माझ्या डाव्या हाताला कोपर आपटलं की रोज शिव्या घालायचे. मग कारकुनाकडे, मग परीक्षेच्या वेळी पाण्याचा माठ ठेवायला, आणि शेवटी मोडक्या बाकांच्या खोलीत. ह्याचंही मला फारसं वाईट वाटलं नाही. खुर्चीनं काम करावं, झिजावं, अडगळीत जावं, हा रिवाजच आहे.

पन्नासाव्या वर्षी शाळेचा सुवर्ण महोत्सव झाला आणि माझं नशीब फिरलं. प्रदर्शनात ठेवायला जुन्या वस्तू हव्या होत्या. पितांबरभाऊ शिपायांनी मला बाहेर काढून पॉलिश मारलं. पाहुणे म्हणाले, “बरीच जुनी दिसते. शाळेच्याही आधीची, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळची असेल.” संस्थेचे अध्यक्ष झुलाल नाना, म्हणजे रुपचंद आबांचा धाकटा मुलगा, म्हणाले, “असेल. आमचे आबा तेव्हा नरडाण्याला गाडीत बसलेल्या पुढाऱ्यांना बघायला गेले होते.” भाषणात पाहुण्यांनी ‘असेल’ गाळलं. संध्याकाळपर्यंत पुढारी गाडीतून उतरून बैलगाडीनं गावात आले होते, आबांच्या ओसरीवर माझ्यावर बसून ताक प्याले होते, आणि रुंद हातावर त्यांनी वर्तमानपत्र ठेवलं होतं. पुढच्या वर्षी तसं कोरलेली पितळी पाटी आली. नानांनी मनातून काही रचलं नाही, हे मी सांगते. त्यांच्या कानावर पडलं ते त्यांना आवडलं, एवढंच.

तेव्हापासून मी मुख्याध्यापकांच्या खोलीत, चारी बाजूंनी लाल दोरी बांधून. पंधरा ऑगस्टला हार, दसऱ्याला हळदकुंकू. हाराखाली ते ‘पु’ झाकलं गेलं. आणि सतरा वर्षं माझ्यावर एकही माणूस बसलं नाही. खुर्चीला ह्याहून वाईट काय होणार? मला तो माठ बरा वाटायचा!

त्यात यंदा नानांनी जाहीर केलं की स्नेहसंमेलनात मला काचेच्या पेटीत बसवायचं. धुळ्याला काच सांगूनही झाली. पेटी एकदा बंद झाली की संपलंच. आणि मी खोटी ठरले असते, तर परत मोडक्या बाकांची खोली. इकडे काच आणि तिकडे अडगळ, अशी माझी गत झाली होती.

अशा वेळी पुनम मॅडम त्या सगळ्या सारख्या वह्या तपासायला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसल्या होत्या, कारण शिक्षकांच्या खोलीतला पंखा बंद होता. गणिताचे भूपेंद्र सर समोर होते. मॅडमनी दहावी वही मिटली आणि डोक्याला हात लावला.

“सगळ्यांनी एकच लिहिलंय, सर.”

“मग चांगलंच आहे की. लवकर तपासून होतील.”

“त्यांचं नाही चुकलं. मी एकच सांगितलं होतं.”

मॅडमनी पुढच्या तासाचं पाठ टाचण काढलं. त्यात लिहिलं होतं, ‘उद्दिष्ट: विद्यार्थ्यांना अधिवेशनाची माहिती देणे.’ त्यांनी ‘माहिती देणे’ खोडलं आणि ‘विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारतील’ असं लिहिलं. साहित्य म्हणून नकाशा आणि तक्ता होता, तोही खोडला आणि लिहिलं ‘खुर्ची’. पहिली दहा मिनिटं आपण तोंड उघडायचं नाही. मुलांनी बघायचं. जो काही म्हणेल त्याला एकच विचारायचं, “तुला कसं कळलं?” हे सगळं त्या पुटपुटत लिहीत होत्या आणि मी कान देऊन ऐकत होते.

भूपेंद्र सरांना हसू आवरेना. “दहावीला खुर्चीवर किती मार्कांचा प्रश्न असतो, मॅडम?”

“एकाचाही नाही. म्हणून तर घेते. निदान कुणी पाठ तरी करणार नाही!”

मित्रांनो, तेव्हा त्यांचाही पाटीवर पूर्ण विश्वास होता. पाटी खोटी पाडायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. त्यांना फक्त मुलांची झोप उडवायची होती.

दुसऱ्या दिवशी पितांबरभाऊंनी मला वर्गात नेलं. मुलं आधी बिचकली, लांबूनच नमस्कार करू लागली. मग नाजमीन नावाच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, उलटी केली तर चालेल?” मॅडम हो म्हणाल्या. मला उलटं केलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटाला वारा लागला.

“ह्यावर भारत सरकार लिहिलंय,” नाजमीन म्हणाली. मग ती हळूच म्हणाली, “पण अधिवेशन एकोणीसशे छत्तीसचं. तेव्हा तर इंग्रज सरकार होतं ना?”

समाधान ताडकन उठला. तो झुलाल नानांचा नातू. “फळी मागाहून बसवली असेल!”

“रास्त शंका आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. “कशी तपासायची?”

मुलं माझ्यावर तुटून पडली. नाजमीनलाच चंद्रकोर सापडली, अर्धी फळीवर, अर्धी चौकटीवर, दोन्ही टोकं बरोबर जुळणारी. फळी मागाहून बसवली असती तर खूण अशी जुळली नसती, हे समाधाननं स्वतःच मान्य केलं. “आमच्या घरच्या पाटांवर अशीच खूण आहे,” नाजमीन म्हणाली. “माझे पणजोबा हाशम मिस्त्री करायचे.” आणि हार काढल्यावर रुंद हातावरचं ‘पु’ दिसलं. तास संपल्याची घंटा कुणी ऐकलीच नाही. मॅडमनी ओरडून गृहपाठ दिला, “घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला ह्या खुर्चीबद्दल विचारा!”

संध्याकाळीच नाना शाळेत आले. संतापानं त्यांचे कान लाल झाले होते. “मॅडम, तुम्ही काल आलात. आमचे आबा खोटं बोलत होते, असं पोरांना शिकवता?”

पुनम मॅडम शिक्षण सेवक आहेत, नोकरी अजून कायम नाही. तरी त्या म्हणाल्या, “नाना, मुलांनी आबांना खोटं म्हटलं नाही. आबा स्टेशनवर गेले असतीलच. खुर्चीचं मात्र विचारायला हवं. उद्या तुम्हीच वर्गात या ना. मुलं तुम्हालाही विचारतील.”

“येतो. आणि सोमवारी काच बसवतो.”

नाना गेल्यावर मॅडमनी टाचणात ‘साहित्य: खुर्ची’च्या खाली लिहिलं, ‘साक्षीदार: झुलाल नाना’. मला त्यांची फार काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी नाना मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. मॅडमनी विचारलं, कुणी कुणाला विचारलं? समाधान उठला. त्यानं आजोबांकडे बघितलंच नाही.

“आमच्या घरात सगळ्यांत मोठी चाळीसगावची पुष्पाआजी, आजोबांची बहीण. मी फोन केला. नुसतं म्हटलं, शाळेत एक जुनी खुर्ची आहे. तर मी पुढे काही सांगायच्या आत तिनंच अहिराणीत विचारलं, ‘त्या खुर्चीना डावा हात रुंद शे का रे भाऊ?’”

समाधाननं मग सगळं सांगितलं, आबांचं, मिस्त्रींचं, नववीचं.

नाना उभे राहिले. “अक्का शाळेत जायची, एवढं माहीत होतं. मी लहान होतो. पण एवढी वर्षं हार घालतोय... अक्का कधी बोलली का नाही?”

“मी तेही विचारलं, आजोबा. ती म्हणाली, ‘माले कोणी इचारंच नही.’”

खरंच होतं ते. शाळेच्या कार्यक्रमांना पुढारी येत, व्यापारी येत. सासरी गेलेल्या मुलींना बोलवायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं.

सोमवारी धुळ्याहून काच आली. तिच्या मागोमाग नानांची गाडी आली आणि तिच्यातून नानांचा हात धरून एक म्हातारी उतरली. ऑफिसात तिनं माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि भावाला म्हणाली, “हाई काय रे झुलाल, ढोर बांधेल शे का?” नानांनी स्वतः दोरी सोडली. मग तिनं विचारलं, “नववी कोठे शे?”

मला वर्गात नेलं. पुष्पाबाई माझ्यावर बसल्या. वजन वाढलं होतं, माझा सांधा करकरला, पण मी गपगुमान धरून ठेवला. त्यांचा डावा हात आपोआप माझ्या रुंद हातावर आला, आणि बोटानं चाचपडत ‘पु’ शोधून काढलं. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते.

“हाई मनी खुर्ची शे,” माझ्यावर हक्क सांगत त्या मुलांना म्हणाल्या. मग पुनम मॅडमकडे वळल्या. “नववी अर्धीच राहिली वं बाई. शिकाड, मी ऐकस.”

मॅडमनी डोळे पुसले आणि तास सुरू केला. नाना मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

आता मी नववी ‘ब’मध्ये असते. रोज एकेकाची पाळी असते, आणि डावखुऱ्यांना एक दिवस जास्त मिळतो. काच सूचनाफलकाला लागली. लाल दोरीवर पितांबरभाऊ फडकी वाळत घालतात. पाटी काढली, नवी अजून झालेली नाही, कारण तिच्यावर काय लिहायचं ह्यावर मुलांचं भांडण चालू आहे. चालू दे.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जुनी वस्तू दिसली तर हार घालण्याआधी ती एकदा उलटी करून बघा. मोडकी असेल तर दुरुस्त करा आणि वापरा. आणि घरात कुणी म्हातारं असेल तर आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. मी सागाची आहे, पासष्ट वर्षं थांबले. तुमच्या आजीला तेवढं थांबायला लावू नका.