निळ्या रंगावरचा चिखल

मी हेल्मेट बोलतोय. साहेबांच्या डोक्यावर बसायचा मान दोघांनाच मिळाला, घरी त्यांच्या लेकीला आणि कामावर मला.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवागार होतो. साहेब नवे कोरे कॅप्टन. युद्धातल्या पहिल्याच चढाईआधी म्हातारे सुभेदार ओल्या मातीचा गोळा घेऊन आले आणि मला फासू लागले.

"साहेब, शिर सलामत तो पगडी पचास. पण उन्हात हे चमकलं की शिरच गेलं. आपण दिसायचं नाही."

पन्नासातला एक म्हटल्याचा मला रागच आला. पण तीन दिवस साहेब त्या उतारावर पोटावर सरपटले आणि जिवंत परतले. सुभेदार परतले नाहीत. तेव्हापासून गोळीबार ऐकला की साहेबांचा हात आधी मातीकडे जाई.

बारा वर्षांनी साहेब संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परक्या मुलखात निघाले. मला निळा रंग दिला, का तर आपण कुणाच्याच बाजूचे नाही हे लांबूनच ओळखू यावं म्हणून.

"जन्मभर लपलो, आता मिरवायचं," साहेब हसून ड्रायव्हरला म्हणाले.

तिथे एका सकाळी दवाखाना सांभाळायचा हुकूम आला. आत रोगी, बाळंतिणी आणि गावातून पळून आलेली दोनशे माणसं. आम्ही बाराजण. गाड्या मागच्या आवारात लावल्या, झेंडा अजून उभारायचा होता, तोच रस्त्यावर हत्यारबंद माणसांचे दोन ट्रक दिसले. त्यांनी हवेत गोळ्या झाडल्या.

जित्याची खोड! साहेब ओरडले, "आडोसा घ्या! डोक्याला चिखल फासा!"

तांबड्या चिखलात माझा निळा रंग बुडाला. मला तर हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? भिंतीआड आम्ही श्वास रोखून बसलो. ट्रक थांबले आणि या खेपेला गोळ्या थेट भिंतीवर आल्या. ड्रायव्हर कळवळला. उजवं कोपर फुटलं होतं.

आमची दुभाषी, गावातली शिक्षिकाच ती, रांगत साहेबांजवळ आली.

"अहो, ते विचारतायत तुम्ही कुठल्या टोळीचे! मी ओरडून सांगतेय, त्यांना पटत नाही. निळं कुठाय म्हणतात!"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं, बाहीने खसाखसा पुसलं आणि ते सरळ उभे राहिले. बंदूक खाली ठेवून फाटकाकडे चालू लागले. माझी पाचावर धारण बसली. एकेक करून मागे चिखल पुसलेली अकरा निळी डोकी वर आली, ड्रायव्हरचंसुद्धा.

समोरचा म्होरक्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात हलवला आणि ट्रक वळले. दवाखान्यातल्या कुणाला ओरखडाही आला नाही.

अहवालात साहेबांनी लिहिलं, 'चूक माझी.' ड्रायव्हरचा हात वाचला, पण कायमचा लुळा झाला.

आता साहेब निवृत्त आहेत आणि मी कपाटावर. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, धूळ झटकतात, पण माझ्या काठाखाली तांबड्या चिखलाचा एक पट्टा सुकून राहिलाय. त्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही.

गेल्या रविवारी ड्रायव्हर आला. चहा घेताना त्याची नजर वर गेली.

"हे अजून तसंच ठेवलंत?"

"तुझा हात तरी कुठे बरा झालाय?"

तो उठला. डाव्या हाताने मला खाली काढून मांडीवर घेतलं, रुमाल पाण्यात बुडवून काठ पुसू लागला. तो एकाच हाताने पुसत असल्याने मी मांडीवरून घसरत होतो.

"साहेब, जरा धरा की," तो म्हणाला. "मला एकट्याला जमायचं नाही."

साहेबांनी मला दोन्ही हातांनी धरलं. तो पुसत राहिला. साहेबांची मान खाली होती आणि माझ्यावर रुमालाचं सोडून आणखीही पाणी पडत होतं.

लोकहो, एवढंच मागणं आहे. मला आता याच निळ्या रंगात राहू द्या आणि कुणी पुन्हा हिरवं करायला येऊ नका.