शेवटचं बटण आबांचं

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे, पण मला लगेच चिंध्यांच्या गाठोड्यात टाकू नका. माझ्या उजव्या बाहीवर निळ्या रंगाचा डाग दिसतो ना? माझे मालक, आबा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभे राहून, पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. तसा हात आख्ख्या बाजारात दुसरा नव्हता, आणि तो माझ्या बाहीतून बाहेर यायचा, याचा मला भारी तोरा होता.

आबांनी काम सोडलं आणि मी खुंटीला लागलो. मग एके दिवशी त्यांच्या नातीसाठी मला खाली काढलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. तोंड भिंगरीसारखं फिरायचं, बोटं मात्र तिचं ऐकत नसत. बटण लावायला गेली की हमखास निसटायचं. शाळेत मुलं "बाळ आलं, बाळ आलं" म्हणून चिडवत आणि ती घरी येऊन कपाटाआड रडायची. शेवटी आई तिला ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंकडे घेऊन गेली. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं मुलांना आपल्या हातांनी करता यावीत, म्हणून शिकवणाऱ्या या ताई. त्या म्हणाल्या, "घरातला एखादा मोठा, सैल सदरा आणा." आबांनी मलाच पुढे केलं. आईने माझी काजं रुंद केली आणि मोठी लाल बटणं शिवली. या वयात लाल बटणं! पण भिंगरी हसली आणि मी गप्प बसलो.

ताईंच्या खोलीत सुरुवातीला बटणाचं नावच नव्हतं. भिंगरी मातीचे गोळे मळायची, दोरीला कपड्यांचे चिमटे लावायची. मला वाटलं, हा काय पोरखेळ! पण त्यातूनच बोटांत जोर येत होता. खुर्चीवर तिचे पाय लोंबकळायचे, तर ताईंनी खाली खोका ठेवला. "आधार मिळाला की हात स्थिर होतो," त्या म्हणाल्या. मग एके दिवशी त्यांनी मला तिच्या अंगात घातलं, वरची सगळी बटणं स्वतः लावली आणि अगदी खालचं अर्धं काजात सरकवून सोडून दिलं.

"शेवटचं तुझं," ताई म्हणाल्या. "ज्याने शेवट केला, त्याने काम केलं."

सोबत येणाऱ्या आबांना हे बघवेना. नात झटायला लागली की यांचे हात शिवशिवत. ताईंची पाठ वळली की बटण लावून मोकळे! एकदा ताईंनी पकडलंच.

"आबा, तुम्ही लावलंत तर ती शिकणार कधी?"

"अहो, पण बघवत नाही मला. या हातांचं करू तरी काय?"

"मांडीखाली घाला."

तेव्हापासून आबा स्वतःच्या हातांवर बसून राहत. आज खालचं, मग त्याच्या वरचं, असं करत भिंगरी चढत गेली. एका दुपारी तिने गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं एकटीने लावली. आबांनी हात बाहेर काढले, तर त्यांना इतक्या मुंग्या आलेल्या, की टाळीही वाजेना. दोघं पोट धरून हसली.

मग मला कोण विचारतो? मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलो. वाईट वाटलं, पण भिंगरी शाळेत आपली आपण तयार होऊन जात होती.

आणि एके दिवशी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून आले ते भिंतीकडे तोंड करून निजले. आई भरवायची, कपडे घालायची. सरळ रेघ ओढणारा तो हात चादरीवर नुसता पडलेला असायचा. सदऱ्याला काळीज नसतं म्हणतात. मग माझं काय तुटत होतं?

भिंगरीने मला कप्प्यातून ओढून काढलं आणि आईला आबांच्या अंगात घालायला लावलं. त्यांना उशांना टेकवून बसवलं. कोपराखालीही उशी ठेवली. "आधार मिळाला की हात स्थिर होतो, आबा." वरची बटणं तिने लावली. खालचं अर्धं काजात सरकवलं आणि हात मागे घेतला.

"शेवटचं तुझं."

आबांचा डावा हात आला, बटणाला लागला, घसरला. पुन्हा आला. आईला राहवेना, ती पुढे झाली.

"आई, हात मांडीखाली!" भिंगरी ओरडली आणि स्वतःही हातांवर बसली.

आबांचा घाम माझ्या कॉलरमध्ये उतरला. बटण काजाच्या तोंडापर्यंत गेलं आणि मागे आलं. आबा अर्ध्या ओठाने हसले. किती दिवसांनी!

"उद्या," ते म्हणाले.

सकाळी आई त्यांना उठवायला आली, तेव्हा ते गेले होते. मी त्यांच्या अंगावरच होतो. छाती हलायची थांबली, हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही.

आईने मला धुतलं, सगळी बटणं लावून घडी घातली. भिंगरीने शेवटचं काजातून काढलं. "ते आबाचं आहे," एवढंच म्हणाली.

म्हणून सांगतो, कुणी आपल्या बोटांशी झगडत असेल तर त्याला हसू नका, आणि त्याचं काम हिसकावूनही घेऊ नका. जवळ बसा, थांबा. थांबणं हीसुद्धा मायाच असते, आणि ती उद्यावर टाकू नका.

भिंगरी अजून कधीकधी मला अंगात घालते. वरून एकेक बटण लावत येते. शेवटच्यापाशी थांबते, हात मांडीखाली घालते आणि वाट बघत बसते.