पुठ्ठ्यामागचा चेहरा

बाबा गेले त्याच्या पाचव्या दिवशी आई म्हणाली, "भिंतीवर लावायला त्यांचा एक बरा फोटो दे. रविवारी सगळे येणार आहेत."

"देते की," मी म्हटलं. फोटोग्राफरच्या घरात फोटोंची काय वानवा!

अकरा वर्षं मी लोकांचे समारंभ टिपते आहे. त्यातली नऊ वर्षं, म्हणजे रिटायर झाल्यापासून, बाबा माझ्याबरोबर यायचे. रिफ्लेक्टर धरायचे, बॅगा सांभाळायचे आणि चारचौघांत मला 'साहेब' म्हणायचे. मी चिडते म्हणून मुद्दाम म्हणायचे. घरात कोणी मोबाइल रोखला की मात्र पेपराआड तोंड लपवायचे. सगळ्या डिस्का पालथ्या घातल्या, पण बाबांचा धड एक फोटो सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खरं तर त्यांचे फोटो मी ढीगभर काढले होते. प्रत्येक कामाची पहिली फ्रेम त्यांचीच असायची. हनुवटीखाली राखाडी पुठ्ठा धरून ते उभे राहायचे आणि मी पुठ्ठ्यावर फोकस करून क्लिक करायचे. घरी येऊन कॉम्प्युटरवर त्या राखाडीवर टिचकी मारली की त्या जागेच्या उजेडातले सगळे रंग खरे होतात. पुठ्ठ्यावर फोकस म्हणजे चेहऱ्यावरही, पापणीन् पापणी मोजून घ्यावी असा. पण रंग जमले की त्या फ्रेमचं काम संपलं. मी ती डिलीट करायचे, वर जागा हवी म्हणून कचरापेटीही रिकामी करायचे. असे शेकडो बाबा मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

शेवटचं काम तेवढं शिल्लक होतं, एका डेंटिस्टबाईंच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन. त्या फोटोंना मी अजून हात लावला नव्हता. पहिली फ्रेम उघडली. चार बोटं, दारात चेमटून काळं पडलेलं अंगठ्याचं नख, शर्टाचं बटण, सगळं लख्ख. आणि चेहऱ्याच्या जागी पुठ्ठा. मग आठवलं. त्या दिवशी उशीर झाला होता आणि मी खेकसले होते, "बाबा, पुठ्ठा वर घ्या, वर! तोंड झाकलं तरी चालेल, तुमचा फोटो नाही काढत मी!"

"बरं साहेब," ते म्हणाले होते आणि पुठ्ठा वर घेतला होता.

शेवटी त्याच कामातल्या एका ग्रुप फोटोच्या कडेला ते सापडले, रिफ्लेक्टर धरून हसताना. ती कड मी एरवी कापूनच टाकली असती. कोपरा अंधारा आणि फोकस डेंटिस्टबाईंच्या कुटुंबावर. बाबांचा चेहरा मोठा केला तर त्यावर नुसता नॉइज, वाळू भुरभुरल्यासारखा. शार्पनिंग वाढवलं तर त्या वाळूलाच धार आली. ऑल्टची कळ दाबून शार्पनिंगचा मास्क पाहिला. धार देण्याजोगी रेघ जिथे असते तिथे तो पांढरा दिसतो. चष्म्याची काडी पांढरी होती, कॉलर पांढरी होती, चेहरा मात्र सगळा काळा. धार द्यायला तिथे काही नव्हतंच. वैतागून मी नॉइज काढायचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला.

तेवढ्यात आई शेजारी येऊन बसली. "हा कोण गं?"

"कोण म्हणजे? बाबा."

"हे? मेणाचे केलेस की. इतकी गुळगुळीत दाढी जन्मात कधी केली होती त्यांनी?"

ती हसली, मीही हसले, आणि मग दोघींनाही हसवेना. मी ब्रश घेतला. मागच्या भिंतीवरचा नॉइज गेला तो जाऊ दिला, गालांवरचा थोडा थोडा परत आणला. शार्पनिंग दिलं ते फक्त चष्म्याला आणि भुवयांना.

"थांब," आईने स्क्रीनला बोट लावलं. "आता दिसले बघ खुंट. हेच ते. हाताला टोचायचे मेले."

ते खुंट नव्हते. कमी उजेडात कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने भरलेले ठिपके होते, बाबांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आई त्यांच्यावरून बोट फिरवत होती. मी ते ठिपके तसेच ठेवले. फोटो छापून आणला, रविवारी भिंतीवर लागला, मावशी म्हणाली, "अगदी हुबेहूब." आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात सहन होईना.

सोमवारी डेंटिस्टबाईंचा फोन आला, फोटो कधी देताय म्हणून. त्यांचं तरी काय चुकलं? मी कामाला बसले. पहिली फ्रेम उघडून पुठ्ठ्यावर टिचकी मारली. रंग जागेवर आले आणि बाबांची बोटं जिवंत माणसाची दिसायला लागली. तेच रंग मी बाकीच्या फोटोंना लावले आणि सवयीने माझं बोट डिलीटवर गेलं.

'नक्की काढून टाकायचं?' कॉम्प्युटरने विचारलं.

मी 'नाही' दाबलं, टेबलावर डोकं टेकलं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. मी खेकसले तेव्हा त्या पुठ्ठ्यामागे बाबा नेहमीसारखे हसत होते, की माझं बोलणं त्यांना लागलं होतं? जगातला कुठलाही स्लायडर आता मला ते दाखवणार नाही.