सुलटा झालेला खांब

जरा पायांखाली बघा. फळ्यांच्या फटीतून बोलतोय तो मीच, नदीकडच्या खोलीचा कोपऱ्यातला खांब. बेलियानचं लाकूड आहे मी. पाण्यात टाकलंत तर दगडासारखा तळाला जाईन. कुऱ्हाड मारलीत तर कुऱ्हाडीचीच धार जाईल. पण ते तर आमच्या सगळ्या जातीचं, त्याचं काय एवढं. मला अभिमान आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका शुक्रवारी चाळीस माणसांनी अख्खी खोली खांद्यावर घेतली, ती माझ्यासाठी.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला घाई नसेल तर. मला तर नाहीच.

किनाबातांगान नदीच्या वरच्या अंगाला, एका टेकडीच्या उतारावर मी वाढलो. अगदी सावकाश वाढलो. माझ्या सावलीत खेळलेली माणसं म्हातारी होऊन गेली, तरी माझा बुंधा काही कवेत न मावण्याएवढा झाला नव्हता. मग जाम्रिन म्हणून गावातला एक सुतार, त्याच्या आजोबांनी मला तोडलं. तोडण्याआधी खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले होते, ते मी विसरलो नाही.

मी गावच्या धक्क्याचा खांब झालो. साठ-पासष्ट वर्षं होड्या माझ्या अंगाला बांधल्या गेल्या. दोर घासून घासून कमरेला वळ पडले. जाम्रिन पोहायला शिकला तो मला धरून. पुढे खालच्या अंगाला पूल झाला, रस्ता आला, होड्या कमी झाल्या. धक्क्याच्या फळ्या एकेक करून गेल्या. मी पाण्यात एकटा उरलो. अंगावर शेवाळ, डोक्यावर खंड्या. माणसं शेजारून जायची, पण मान वळवत नव्हती. अशी कितीतरी वर्षं गेली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग आमचं जंगल राखीव झालं आणि गावानं मिळून पाहुण्यांसाठी लॉज बांधायचं ठरवलं. नियम कडक. उभं झाड तोडायचं नाही. दिवे उन्हावर चालायचे, पाणी पावसाचं साठवायचं. जाम्रिन आता सत्तरीचा झाला होता. गाव त्याला आकी म्हणायचं, म्हणजे आजोबा. सुतारकामात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे. लोकांनी विचारलं, "आकी, झाड तोडायचं नाही तर घर काय धुरावर उभं करायचं?" त्यानं नदीकडे बोट दाखवलं. "ती पोरं बघा की. केव्हाची उभ्यानं वाट बघतायत."

ती पोरं म्हणजे आम्ही, धक्क्याचे खांब. असं मला पुन्हा बोलावणं आलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. झाड जसं वाढलं तसाच त्याचा खांब रोवायचा. मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. उलटा रोवला तर त्या घरात माणसाला झोप लागत नाही. जुन्या लाकडात दोन्ही टोकं सारखीच दिसतात, म्हणून आकी प्रत्येक खांब मधोमध दोरानं टांगायचा. जे टोक खाली झुकेल ते मुळाकडचं. तिथं कोळशानं खूण करायची.

माझीही खूण केली होती. पण पावसाची सर आली, खूण धुतली गेली. आकीनं पुन्हा टांगायला हवं होतं. त्यानं टांगलं नाही. "माझ्या ध्यानात आहे," म्हणाला, आणि आठवणीवर खूण काढली.

मी उलटा रोवला गेलो. डोकं चिखलात, पाय वर, पायांवर खोली. सांगणार कुणाला?

खोली पुरी झाल्यावर एका दुपारी आकी सावलीत मला टेकून बसला. सहज हात फिरवत होता. माझ्या अंगावर जुन्या फांदीची एक गाठ आहे. त्याची बोटं गाठीवर आली आणि थांबली. फांदी वर जाणारी असते, ही गाठ जमिनीकडे तोंड करून होती. त्यानं हात काढला नाही. मग उठून गेला आणि कुणाला काही बोलला नाही. आयुष्यातलं शेवटचं बांधकाम होतं ते त्याचं.

आठव्या दिवशी पहिली पाहुणी आली. पेनांगच्या निवृत्त शिक्षिका, खू बाई. जंगल कानांनी ऐकायचंय म्हणून पत्र पाठवून आल्या होत्या. उतरल्या त्या माझ्याच खोलीत.

दोन सकाळी त्या सुजलेल्या डोळ्यांनी न्याहारीला आल्या. आकीची लेक सल्बिया लॉज सांभाळते, रांधतेही. ती काळजीत पडली.

"बाई, गादी टोचते का?"

"नाही गं."

"उकडतं?"

"नाही, छान वारा असतो. नुसतीच झोप येत नाही."

खरं काय ते मला ठाऊक होतं. माझ्या पायाशी डबकं आहे, तिथं बेडकांची शाळा भरते. पण जंगल ऐकायला आलेल्या बाई बेडकांची तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

आकीनं मात्र हातातला भाताचा घास ताटात परत ठेवला.

"सल्बिया, नदीकडचा कोपऱ्यातला खांब उलटा आहे. माझी चूक. मला दहा दिवस माहीत आहे."

सल्बियानं त्याला बाजूला ओढलं, पण फळ्यांवरचं सगळं मला ऐकू येतं. "बापा, हळू बोला. पहिली पाहुणी आहे. ती दहा जणांना सांगेल. तुमचं नाव जाईल, लॉजचंही जाईल. तिला आपली रीत कुठं माहीत आहे?"

"तिला नसेल. मला आहे ना. माझ्या हातच्या घरात माणूस जागा राहतोय आणि मी भात गिळू?"

सल्बिया मग गावात सांगावा द्यायला निघाली.

शुक्रवारी नमाजानंतर सगळा गाव आला. पूर्वी घर हलवायचं तर असंच चाळीस-पन्नास जण खांद्यावर उचलून नेत. तसेच तुळयांखाली लांब बांबू बांधले. होडीवाला दाहलान आकीपेक्षा दहा वर्षांनी लहान, तो संधी सोडतोय थोडाच.

"आकी, जन्मभर आमच्या होड्यांना नावं ठेवलीत. आणि तुमचा खांब डोक्यावर उभा?"

"म्हणून तर तुला बोलावलं," आकी म्हणाला. "उचलायला रेडा लागतो."

माणसं हसली, आणि हसता हसताच त्यांनी खांदे लावले. खोली वर गेली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर काहीच ओझं नव्हतं. खोली ओंडक्यांच्या टेकूवर ठेवून त्यांनी मला उपसून काढलं, आडवा केला. आता वरच्या टोकाला नवं कुसू, म्हणजे तुळईच्या खाचेत बसणारी जीभ, हवं होतं. दाहलाननं लाकूड तासायचा वाकस घ्यायला हात पुढे केला. आकीनं दिला नाही. बेलियानमध्ये कुसू काढणं म्हणजे दगडात काढणं. तीनदा धार लावली, घाम माझ्यावर ठिबकत होता. चाळीस माणसं गवतात बसून राहिली. खू बाई स्वतः चहा देत फिरल्या. सल्बियानं केळी तळली. लवकर करा असं कुणी म्हणालं नाही.

कुसू काढायला घेण्याआधी मात्र आकीनं मला दोरानं टांगलं होतं. सगळ्यांसमोर. टोक झुकलं तेव्हा मान हलवली. मग मला सुलटा रोवला आणि खोली पुन्हा माझ्यावर आली. एवढं जड ओझं इतकं हलकं मला कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी निम्मा गाव जिन्यापाशी काही ना काही काम काढून उभा होता. खू बाई बाहेर आल्या. आकी पुढे झाला, टोपी हातात.

"बाई, झोप?"

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. वाकसानं तळव्याला फोड आले होते.

"आकी, लहानपणी झोपायचे तशी झोपले."

आकीनं टोपी डोक्यावर घातली. घरी जाऊन दोन माणसांचा भात जेवला, असं सल्बिया सांगते.

बिछान्यातली प्रत्येक कूस फळ्यांतून माझ्यापर्यंत येते. बाई पहाटेपर्यंत जाग्याच होत्या. बेडकांना खांब सुलटा झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. पण हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कालची रात्र त्याच खोलीत काढलीत.

आकी आता कामाला येत नाही. संध्याकाळी काठी टेकत येतो, मला पाठ लावून बसतो, आणि नव्या पाहुण्याला एकच गोष्ट विचारतो, झोप लागली का. थोड्या वेळानं तुम्हालाही विचारेल.

तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं ते ठाऊक आहेच.