काज नसलेलं बटण

तळहातावरच्या फोडासारखं जपतात म्हणे माणसं एखाद्याला. मास्तरीणबाई जपत होत्या तो फोड मात्र मास्तरांच्या दंडावर होता. पांढरा, गोल, कोटाच्या बटणाएवढा. त्याच्या पोटातून केसासारखी एक तार कातडीखाली गेली होती. ती अंगातली साखर मोजत राहायची आणि साखर फार उतरली की टेबलावरचा फोन केकाटायचा.

मास्तर म्हणजे शिंपी. सगळी हयात गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगण्यात गेली. आता दुकान गेलं होतं, आणि डोक्यातलं बरंचसं दुकानाच्याही आधी. टाका सुटला की शिवण उसवत जावी, तशी माणसं सुटत गेली. आधी गिऱ्हाइकं, मग भाऊ, मग मुलगा, आणि शेवटी बायको. ती जवळ येऊन उभी राहिली की मास्तर म्हणायचे, "बसा बाई. तुमचा नंबर येईल."

"कधीची बसलेय हो नंबर लावून," मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

साखरेसाठी बोट टोचू द्यायचे नाहीत. सुई दिसली की मूठ मिटून विचारायचे, "अंगुस्तान कुठाय माझं? अंगुस्तानाशिवाय सुई हातात घेऊ नये." एका दुपारी ते खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले. दमले असतील म्हणून बाईंनी हलकेच पडदा ओढला, रेडिओ बंद केला आणि पाय न वाजवता आत गेल्या. ती झोप नव्हती. साखर उतरली होती. दवाखान्यातून माणूस परत आला, पण आपल्याच हातानं ओढलेला तो पडदा बाईंच्या डोळ्यापुढून हटला नाही.

म्हणून हे बटण आलं. पण टिकेल तर ना! पहिलं दाराच्या चौकटीला घासून गेलं. बाईंनी चौकटीला चिंध्यांची गादी ठोकली. दुसरं सदरा काढताना बाहीबरोबर आलं. दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवलं, "त्या हाताची बाही आधी घालायची आणि शेवटी काढायची. वरून ही पट्टी चिकटवायची." तसं केलं. तर तिसरं मास्तरांनी स्वतःच उपटलं. घरभर शोधलं, आणि सापडलं कुठं, तर बटणांच्या डब्यात, पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात, नीट लावून ठेवलेलं.

नर्सताईंना हसू आवरेना. "अहो मास्तर, ते बटण नाही. सेन्सर आहे."

"सेन्सर का असेना," मास्तर म्हणाले. "समोर काज कुठाय? काज नाही तिथं बटण लावलं कुणी? कारागीर आहे का न्हावी?"

मुलगा मात्र हसला नाही. नवं बसवून झाल्यावर तो आईला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"आई, हे शेवटचं. हेही निघालं, तर मी बाबांना म्हाताऱ्यांच्या केंद्रात ठेवणार. तिथं नजर ठेवायला माणसं असतात."

"असतील. पण ओळखीचं कुणी असतं का रे?"

"तू तरी त्यांच्या ओळखीची आहेस का?"

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच लागलं. ओट्यावरचं कोरडं भांडं उचलून तो पुन्हा पुसत बसला. बाई म्हणाल्या, "ठेव ते. किती पुसशील."

तो गेल्यावर बाहेर मास्तरांची नखं पट्टीच्या कडेशी कुरकुरू लागली. बाईंनी त्यांच्या हातात गुंतलेला दोरा दिला, तेव्हा ते थांबले. आणि मग बाईंच्या कानात तेच वाक्य परत वाजलं. काज कुठाय? अख्खं घर त्यांना सांगत होतं की हे बटण नाही. त्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नव्हतं.

त्यांनी मास्तरांच्या जुन्या कोटाचं मऊ अस्तर कापलं, दंडाभोवती बसेल असा पट्टा बेतला, आणि मधोमध बटणाच्या मापाचं काज पाडलं. दुकानात काजं बाईच करायच्या. मास्तर भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "हे काज आहे की मांजराचा डोळा?" मग ब्लेडनं उसवून स्वतः करायचे. एक अक्षर न बोलता बाई पुढचा कपडा घ्यायच्या. आता उसवणारे हात तेच होते, फक्त काज चुकून चालणार नव्हतं. बाई सुईत दोरा ओवू लागल्या. ओठांवर एक जुनी चाल आली आणि तिला आपोआप शब्द फुटले.

नेढ्यात गं सुईच्या, दोरा माझा अडखळे,
धनी समोर बसला, त्याला धनीण ना कळे.

काज झालं. तिरकंच झालं. दुसरं करायला डोळ्यांत उजेड उरला नव्हता. बाईंनी पट्टा मास्तरांच्या दंडावर चढवला, काजातून पांढरं बटण वर काढलं, आणि हात मांडीवर ठेवून समोर बसल्या.

मास्तरांनी चष्मा लावला. दंड खिडकीकडे वळवला. अंगठा काजाच्या कडेवरून फिरला, टाक्यापाशी अडला.

"तिरकं आहे," ते म्हणाले. "मांजराचा डोळा."

नख टाक्याखाली गेलं. एक टाका निघाला की दुसरा, मग पट्टा, मग बटण, मग मुलाची गाडी दारात.

पण नख थांबलं.

"हे आमच्या घरातलीचं काम आहे," मास्तर म्हणाले. "ओळखतो मी."

"मग उसवता का?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"नको." त्यांनी नख काढून घेतलं आणि उचकलेला टाका अंगठ्यानं दाबून बसवला. "बोलत नाही ती काही. पण मी उसवलं ना, की त्या दिवशी जेवणात लक्ष नसतं तिचं. भात चिवडत बसते."

बाई खाली बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, हे कुणी पाहिलंच नाही.

"कुठं गेली ती?" मास्तरांनी विचारलं. "जरा बोलवा तिला."

"बोलवते," म्हणून बाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले, पदर नीट घेतला. आरशात न बघताच बाहेर आल्या आणि मास्तरांच्या समोर, अगदी उजेडात उभ्या राहिल्या.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहिलं, आणि आदबीनं हसले.

"या बाई. काय हवं होतं?"

फोन टेबलावर गप्प पडला होता. बटण जागच्या जागी होतं.

"कपडे झालेत का," बाई म्हणाल्या, "बघायला आले होते."

"थोडं राहिलंय. काजं व्हायचीत. आमच्या घरातली आली की करेल." दंडावरच्या बटणावरून अंगठा हळूहळू फिरत होता. "उद्या या."

"येते," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या.