हळदीच्या शेपट्या

मी तापट माणूस आहे, पण ही चूक माझीच होती. ती दुसऱ्याच्या माथी मारणार नाही.

साल सत्तावन्न. आदल्या वर्षी आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बऱ्हाणपुरातल्या आमच्या चिमुकल्या प्रयोगशाळेला तिथून हुकूम आला: महिनाअखेर निकाल दाखवा, नाहीतर कुलूप. मी तिथला एकुलता मदतनीस. म्हणजे कुलूप माझ्या नोकरीलाच.

डॉक्टर वामनराव उंदरांवर काम करत. त्यांचं म्हणणं असं, की विषाणू शिरला की अंगातल्या पेशी लगेच काहीतरी सोडतात आणि शेजारच्या पेशी त्यानं सावध होतात. आज अशा प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं 'रक्तातलं ते' म्हणायचो. आदल्याच दिवशी सौम्य विषाणू टोचलेल्या उंदरांच्या रक्तातला द्रव आम्ही सहा उंदरांना दिला, दुसऱ्या सहांना मिठाचं पाणी. मग बाराही जणांना जहाल विषाणू टोचला आणि एकाच पिंजऱ्यात ठेवलं. ओळखायला मी शेपट्या रंगवल्या. द्रववाल्यांना घरची हळद, पाणीवाल्यांना गेरू.

चौथ्या दिवशी पिंजरा घाण झाला म्हणून मी शहाण्यानं त्याला ओला चुना फासला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सहा मेलेले, सहा जिवंत, आणि बाराच्या बारा शेपट्या लाल! सगळं मुसळ केरात!

"साहेब, जिवंत ते हळदीचे, लिहून टाका," मी म्हणालो. "भोपाळवाले शेपट्या बघायला येतात का?"

"मला तर बघायच्यात ना," वामनराव म्हणाले.

मी रागानं शनवारा भागातल्या माझ्या घरी आलो, चप्पल भिरकावली आणि बायकोला सगळं सांगितलं. मनकर्णेच्या माहेरी कुंकू बनवायचे. ती हसायलाच लागली.

"अहो, हळदीला चुना लागला तर लालच होणार ना! कुंकू काय आभाळातून पडतं? लिंबू पिळा, हळद परत पिवळी होईल. गेरूला काही होत नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी तिला लिंबांसकट प्रयोगशाळेत नेलं. उंदीर मी धरले, लिंबू तिनं चोळलं. जिवंतांत पाच शेपट्या पिवळ्या झाल्या. सहावी लालच राहिली. मी ती आणखी दोनदा घासली.

"बस की," मनकर्णा म्हणाली. "नाही होत पिवळी तर नाही होत."

मला लाज वाटली. मेलेल्यांत एक पिवळी निघाली, पाच लाल. वामनरावांनी तसंच लिहिलं, माझ्या चुन्यासकट. खाली 'तपासणी करणाऱ्याचं नाव' या रकान्यात लिहिलं: मनकर्णाबाई.

महिनाअखेर भोपाळहून हिंदीत पत्र आलं. प्रयोगशाळा चालू ठेवावी, आणि पुढच्या प्रयोगात खुणा करण्याचं काम मनकर्णाबाईंकडेच द्यावं. तिला वाचता येत नव्हतं. ते वाक्य तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.